ताम्राचा भार

ठाणे आणि कल्याण या दोन्ही नगरांचा धातूंशी, विशेषतः ताम्राशी, असलेला संबंध फार पुरातन आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नामक जो व्यापारी उत्तरवयात मठवासी होऊन आपल्या कालच्या जगाचे वर्णन लिहिता झाला, त्याने ‘कॅलियाना’ बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालात तांबे आणि कापड यांचा उल्लेख केलेला आहे. त्याच्याही कित्येक शतके आधी कल्याणच्या एका सुवर्णकाराने कान्हेरीच्या डोंगरात पाण्याची पोढी खोदवून दिली व तसा लेख तेथील कातळावर कोरविला. आणि १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्याच्या परिसरात पाया खणीत असता मजुरांच्या हाती जो ताम्रपट लागला, तो उत्तर कोकणच्या शिलाहार अरिकेसरी राजाचा, शके ९३९ म्हणजे इ. स. १०१७ चा होता. सहस्र वर्षे लोटली तरी त्या दानपत्राचा मजकूर पुसला गेला नाही, यात राजाच्या आज्ञेपेक्षा धातूच्या गुणाचा वाटा अधिक आहे.

एवढ्या दीर्घ कालावधीत या मुलखाच्या पेठांत तांबे तोलले गेले, रुपे कसाला लागले, सोने गुंजा, मासे आणि तोळे या मापांनी हातोहात फिरले. परंतु ज्याचे आणखी तुकडे केले असता ते तांबेच उरणार नाही असा जो ताम्राचा अंतिम कण, तो अन्य द्रव्याच्या तशाच कणाहून किती पट जड असतो, हा प्रश्न ना पेठेत कोणी केला, ना पाठशाळेत. कणादांच्या वैशेषिक दर्शनात परमाणूचा विचार आहे आणि तो सूक्ष्म आहे. ग्रीकांच्या तत्त्वज्ञानातही आहे. तथापि परमाणूस पारड्यात घालावे, किंबहुना जो दिसत नाही आणि एकेकटा धरता येत नाही त्याचेही सापेक्ष वजन ठरविता येईल, ही कल्पना मँचेस्टरच्या जॉन डाल्टन या साध्या शाळामास्तराची. त्याच्या टिपणवहीत अणूंच्या सापेक्ष वजनांचा पहिला तक्ता १८०३ साली लिहिलेला आढळतो, आणि १८०८ पासून त्याचा ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला.

डाल्टनची युक्ती समजून घेण्यास तांब्याइतके योग्य उदाहरण नाही. तांबे हवेत तापविले की त्यावर काळे ऑक्साइड चढते. ते ऑक्साइड नळीत घालून, वरून हायड्रोजन सोडीत तापविले की ऑक्सिजन निघून जातो आणि मागे शुद्ध तांबे राहते. आधीचे वजन व नंतरचे वजन यांत जो फरक पडला तो ऑक्सिजनचा. तेव्हा १६ भाग ऑक्सिजनशी तांब्याचे किती भाग निगडित होते हे साध्या त्रैराशिकाने निघते, आणि ते सुमारे साडेत्रेसष्ट निघतात. पण तांब्याचे दुसरे, तांबडे ऑक्साइडही आहे, आणि त्यात १६ भाग ऑक्सिजनशी तांब्याचे १२७ भाग असतात. यांपैकी एका ताम्राणूस एक ऑक्सिजनाणू हे प्रमाण कोणत्या संयुगात मानावे? काळ्यात मानले तर अणुभार साडेत्रेसष्ट, तांबड्यात मानले तर एकशे सत्तावीस. तराजू गुणोत्तर सांगतो. किती अणूंशी किती अणू जोडले गेले हे तराजूला ठाऊक नसते. पुढील अर्धशतकभर युरोपातील रसायनवेत्त्यांची जी कुचंबणा झाली, तिचे मूळ या एका अडचणीत आहे.

ही अडचण अंगावर घेऊन ज्याने सर्वाधिक श्रम केले तो स्वीडनचा बर्झेलियस. स्टॉकहोम येथील त्याची प्रयोगशाळा म्हणजे दोन सामान्य खोल्या. शेजारी स्वयंपाकघर, तेथे त्याची मोलकरीण रांधीत असे. मोठी भट्टी नाही, धूर खेचून नेणारी सोय नाही. अशा जागी त्याने सुमारे दोन हजार संयुगांचे पृथक्करण केले, आणि ज्या १८१८ साली इकडे पेशवाईचा अस्त झाला त्याच साली त्याने आपला अणुभारांचा विस्तृत तक्ता जाहीर केला. आरंभी त्याने तांबड्या ऑक्साइडात एकास एक असे प्रमाण धरले होते, म्हणून त्याच्या पहिल्या तक्त्यांत तांब्याचा अणुभार आजच्या दुप्पट दिसतो. १८२६ च्या तक्त्यात तो त्याने निम्मा केला. हा पालट करण्याचे धैर्य त्यास ज्यांच्या संशोधनामुळे झाले त्यांत पॅरिसच्या द्यूलाँ आणि पेती यांचे १८१९ चे कार्य अग्रगण्य होय. त्यांना असे आढळले की घन धातूची विशिष्ट उष्णता त्याच्या अणुभाराने गुणिली असता गुणाकार सर्वत्र जवळजवळ सारखाच, आजच्या कॅलरीच्या मापाने सहाच्या आसपास, येतो. तांब्याची विशिष्ट उष्णता ०·०९५. साडेत्रेसष्टाने गुणिले की सहा, एकशे सत्तावीसने गुणिले की बारा. निवाडा झाला. हा नियम स्थूल आहे, त्यावरून अणुभाराचा पहिला दशांशदेखील मिळत नाही. पण तराजूने दिलेल्या अचूक आकड्यास एकाने गुणावे, दोनाने की तिनाने, एवढे सांगण्याचे काम तो चोख बजावतो. रुप्याच्या बाबतीत मात्र बर्झेलियसने हा नियम मानला नाही, आणि १८२६ च्या तक्त्यातही रुप्याचा अणुभार २१६ च्या घरात, म्हणजे दुप्पटच राहिला.

रुप्याचा विषय निघाला आहे, तर येथे हिंदुस्थानच्या टांकसाळींकडे वळणे अवश्य आहे. कारण अणुभाराच्या इतिहासाचा पुढील अध्याय रुप्याच्या तोलावर उभा आहे, आणि तोच तोल इकडे सरकारी कामकाजाचा भाग झाला होता. कंपनी सरकारच्या १८३५ च्या कायद्याने सर्व मुलखास एकच रुपया लागू झाला: वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात शुद्ध रुपे १६५ ग्रेन. ज्या जेम्स प्रिन्सेपचा या सुधारणेत मोठा हात होता, तो काशीच्या आणि पुढे कलकत्त्याच्या टांकसाळीत कस पाहणारा अधिकारी होता. ग्रेनच्या सहस्रांशांपर्यंत वजन दाखविणारा तराजू त्याने आपल्या देखरेखीखाली सिद्ध करविला होता. याच प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, आणि त्यामुळेच कल्याणच्या त्या सुवर्णकाराचे दान आज आपणांस वाचता येते. धातूचा कस आणि अक्षराचा अर्थ या दोहोंचा शोध एकाच मनुष्याने घ्यावा यात मला नवल वाटत नाही. दोन्ही ठिकाणी लागणारा गुण एकच, हाताशी आलेल्या पुराव्यापलीकडे एक पाऊलही न टाकण्याचा.

पुढे इकडच्या टांकसाळींत रुप्याचा कस क्लोराइडाच्या वजनावरून काढण्याची रीत रूढ झाली. रुप्याचा तुकडा शोऱ्याच्या तेजाबात विरघळवावा, त्यात मिठाचे तेजाब घालावे, दह्यासारखा पांढरा साका खाली बसू द्यावा, तो धुऊन, वाळवून तोलावा. शंभर भाग शुद्ध रुप्यापासून १३२·८७ भाग क्लोराइड मिळते. तेव्हा एका रुपयातल्या १६५ ग्रेन रुप्याचे सुमारे २१९ ग्रेन क्लोराइड व्हावयास हवे, त्याहून कमी भरले तर हीण अधिक. मुंबईच्या टांकसाळीत, जिची इमारत १८२९ मध्ये पुरी झाली, पोत्यांनी येणाऱ्या चांदीचा हिशेब असल्या पारड्यांवर होत असे. या गुणोत्तरातील रुप्याचा भाग आणि क्लोरिनचा भाग हेच त्या दोन मूलद्रव्यांच्या अणुभारांचे प्रमाण होय. टांकसाळीचा कारकून त्या आकड्यावर विसंबून कस काढीत होता. युरोपातील रसायनवेत्ता तोच आकडा अधिकाधिक अचूक करण्यासाठी आयुष्य वेचीत होता.

मध्यंतरी युरोपात या विषयाची स्थिती खेदजनक झाली होती. अणुभार ठरविण्याचा नाद सोडून केवळ सममूल्यभारांवर, म्हणजे तराजूने मिळणाऱ्या संयोगाच्या वजनांवर, काम भागवावे असे म्हणणारा एक मोठा पक्ष निर्माण झाला. कोणी ऑक्सिजन आठ धरी, कोणी सोळा. एकाच पदार्थाची सूत्रे प्रत्येकाच्या ग्रंथात निराळी. केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात अॅसेटिक आम्लासारख्या साध्या द्रव्याची प्रचारात असलेली एकोणीस सूत्रे मांडून दाखविली आहेत. मुंबईहून निघालेली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास पोहोचली, पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला, १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. आणि या सर्व काळात जगातील कोणत्याही दोन विद्यापीठांत पाण्याचे सूत्र एकच शिकविले जाईल याची शाश्वती नव्हती! अखेर ३ सप्टेंबर १८६० रोजी जर्मनीतील कार्ल्सरूअ येथे रसायनवेत्त्यांची परिषद भरली. तीन दिवस वाद झाला, निर्णय काही झाला नाही. परंतु जिनोआ येथे अध्यापन करणाऱ्या कानित्सारोने, आपलाच देशबंधू अव्होगाद्रो याच्या विस्मृतीत गेलेल्या गृहीतकाच्या आधारे, वायूंच्या घनतेवरून आणि धातूंच्या विशिष्ट उष्णतेवरून अणुभार निःसंदिग्धपणे कसे ठरतात हे दाखविणारी जी पुस्तिका १८५८ साली लिहिली होती, तिच्या प्रती परतणाऱ्या प्रतिनिधींच्या हाती पडल्या. परिषदेस लोथार मायर हजर होता, तसाच तरुण मेंडेलीफही हजर होता. नऊ वर्षांनी मेंडेलीफची आवर्तसारणी जगापुढे आली. परिषदा बहुधा ठरावांमुळे गाजतात. ही गाजली ती सभा संपल्यावर वाटलेल्या एका पुस्तिकेमुळे.

गुणक कोणता घ्यावा हा प्रश्न अशा रीतीने मिटला आणि अचूकपणाचे पर्व सुरू झाले. ब्रुसेल्सचा झाँ सेर्व्हे स्तास याची योग्यता या पर्वात फार मोठी. सर्व अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असले पाहिजेत, असे प्राऊट नामक इंग्रज वैद्याचे अनुमान होते. ते खरे असावे अशा अपेक्षेने स्तासने कामास हात घातला, आणि वर्षानुवर्षे रुपे, क्लोरिन, पोटॅशियम, नायट्रोजन यांचे तोल घेतल्यावर ते अनुमान निराधार आहे असा निकाल त्याने १८६० साली स्वतःच जाहीर केला. आपल्या आवडत्या मताविरुद्ध आपल्याच तराजूची साक्ष त्याने मान्य केली, ही गोष्ट मला त्याच्या आकड्यांहून मोठी वाटते. तो प्राणवायू आणि हायड्रोजन यांच्या एकत्र ज्वालेत रुपे उकळवून त्याची वाफ थंड करी, म्हणजे रुप्याचे ऊर्ध्वपातन करी. आज हे वाचतानाही छाती दडपते. घशाच्या विकाराने अध्यापन सोडणे भाग पडल्यावर त्यास बेल्जियमच्या टांकसाळीवर अधिकारी नेमण्यात आले. रुप्याचा अणुभार त्याने १०७·९३ ठरविला, आणि चाळीस वर्षे तो आकडा ब्रह्मवाक्य मानला गेला.

त्या ब्रह्मवाक्यास हात घालणारा मनुष्य अमेरिकेतून यावयाचा होता. थिओडोर विल्यम रिचर्ड्‌स याचा जन्म १८६८ चा. वयाच्या विसाव्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठात त्याने जोसाया कुक याच्या मार्गदर्शनाखाली पदवीचा प्रबंध पुरा केला, तो हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या तोलाविषयी, आणि त्यातील हायड्रोजन जाळण्याचे साधन होते तांब्याचे काळे ऑक्साइड. तेथून त्याचे लक्ष तांब्याकडे वळले. त्या काळी तांब्याचा सर्वमान्य अणुभार ६३·३ च्या आसपास होता. बर्झेलियसपासून जर्मनीच्या हाम्पेपर्यंत सर्वांनी ऑक्साइडाच्या प्रयोगावरून तो काढला होता आणि सर्वांची उत्तरे एकमेकांशी उत्तम जुळत होती. रिचर्ड्‌सने वाट बदलली. सिल्व्हर नायट्रेटच्या थंड द्रावणात तांब्याचे तोललेले तुकडे टाकून, तांबे विरघळेल तसतसे जे रुपे सुटे होऊन खाली बसते ते त्याने तोलले. उत्तर थोडे अधिक आले. मोरचूद, ताम्र ब्रोमाइड अशा निरनिराळ्या संयुगांतून पुन्हा पुन्हा तोल घेतले, तरी उत्तर ६३·६ कडेच झुकत राहिले. मग तांबेच भिन्न असेल काय? त्याने सुपीरियर सरोवराकाठचे आणि जर्मनीतले अशी दोन्ही तांबी तपासली. फरक आढळला नाही.

आता दोनच शक्यता उरल्या: एक तर या नवशिक्या तरुणाचे सर्व प्रयोग चुकले होते, किंवा साठ वर्षांत युरोपातील सर्व नामवंतांचे. रिचर्ड्‌सने ऑक्साइडाचाच झाडा घेतला. ही पूड साधारणपणे ताम्र नायट्रेट भाजून तयार करीत. ते भाजताना नायट्रोजनचे वायू निघून जातात आणि मागे शुद्ध ऑक्साइड राहते अशी सर्वांची समजूत. रिचर्ड्‌सने ते ‘शुद्ध’ ऑक्साइड सौम्य आम्लात विरघळवून पाहिले, तेव्हा त्यातून वायूचे बुडबुडे निघाले. तो बहुतांशी नायट्रोजन होता. कितीही कडक भाजले तरी कणांच्या पोटात थोडा वायू कोंडून राहत होता. तोलताना तो ऑक्साइडाच्या खात्यावर जमा होई, हायड्रोजनमध्ये तापविताना निघून जाई, आणि जमाखर्च मांडणारा ती सर्व घट ऑक्सिजनच्या नावे लिही. ऑक्सिजन जास्त दिसला म्हणजे तांबे कमी ठरणार हे उघड आहे. ६३·३ आणि ६३·६ यांतील अंतर गणित करून पाहावे: दहा ग्रॅम ऑक्साइडामागे सात-आठ मिलिग्रॅमची ही तफावत, पण तिने साठ वर्षांचे एकमत खोटे ठरविले. १८९१ साली रिचर्ड्‌सने आपला निकाल प्रसिद्ध केला.

या प्रसंगाचा अर्थ नीट ध्यानी घेण्याजोगा आहे. बर्झेलियस किंवा हाम्पे यांचे तराजू वाईट नव्हते, हात अस्थिर नव्हते. आकडे परस्परांशी जुळत होते याचे कारण सर्वांच्या पुडीत तोच वायू सारखाच कोंडलेला होता. जुळणाऱ्या उत्तरांनी सत्याची खात्री पटत नाही. एकच चूक सर्वांनी काळजीपूर्वक केली तरीही उत्तरे जुळतातच. रिचर्ड्‌सचे उर्वरित आयुष्य या एका जाणिवेवर उभे आहे. तापविलेला पदार्थ हवेतील ओल न लागता कुपीत बंद व्हावा म्हणून त्याने असे उपकरण रचले की कोरड्या वायूच्या प्रवाहात, नळीच्या आतल्या आतच कुपीचे झाकण लागे. साका गाळल्यावरही द्रावणात विरघळून राहणारे रुप्याचे लेशमात्र अंश मोजावेत म्हणून प्रकाशाच्या विखुरण्यावरून गढूळपणा मापणारे साधन त्याने १८९४ च्या सुमारास घडविले. या साधनांनिशी त्याने स्तासच्या आकड्यांना हात घातला. पोटॅशियम, सोडियम, क्लोरिन यांचे हिशेब पुन्हा मांडले गेले. शंभर भाग रुप्यापासून १३२·८६७ भाग क्लोराइड मिळते हे त्याने वेल्ससह दाखविले, फोर्ब्ससह १९०७ साली सिल्व्हर नायट्रेटचा तोल घेतला, आणि रुप्याचा अणुभार १०७·९३ वरून १०७·८८ वर उतरला. स्तासच्या रुप्यातही ऑक्सिजन कोंडलेला होता. रुपे खाली येताच त्याच्याशी तोललेले सारे धातू खाली आले. स्वतः रिचर्ड्‌सचे तांबे ६३·६० वरून ६३·५७ झाले. दुसऱ्याची चूक काढण्यासाठी जे साधन त्याने घडविले, त्याच साधनाने त्याने आपलाही आकडा दुरुस्त होऊ दिला. १९१४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले. अमेरिकन रसायनज्ञास मिळालेले ते पहिले.

त्याच वर्षी या शास्त्राच्या पायाखालची भूमी हलली, आणि ती हलविणारे खनिज आपल्या शेजारच्या सिंहलद्वीपातून गेलेले होते. थोरियमचे किरणोत्सर्गी विघटन होत होत शेवटी शिसे बनते, युरेनियमचेही शिसेच बनते. पण ही दोन शिशी वजनाने भिन्न असली पाहिजेत असे फ्रेडरिक सॉडी याचे भाकीत होते. सिलोनच्या थोराइटातून वेगळे केलेले शिसे त्याने तपासले, ते साध्या शिशाहून जड भरले. अमेरिकेत रिचर्ड्‌स व लेंबर्ट यांनी, आणि व्हिएन्नात ओटो हॉनिगश्मिड व स्टेफनी होरोव्हित्स यांनी युरेनियमच्या खनिजांतील शिसे तोलले, ते २०६·६ ते २०६·७ च्या आसपास, म्हणजे साध्या शिशाच्या २०७·२ हून स्पष्टपणे हलके निघाले. थोराइटाच्या शिशाचा भार पुढे हॉनिगश्मिडने २०७·७७ ठरविला. रासायनिक गुणधर्म तेच, रंग तोच, नाव तेच, पण वजन मात्र खाणीगणिक निराळे! ज्या स्टेफनी होरोव्हित्सच्या हातांनी हे नाजूक तोल साधले, ती पोलंडची ज्यू विदुषी पुढे त्रेब्लिंकाच्या छळछावणीत नाझींच्या क्रौर्यास बळी पडली. तिचे नाव पाठ्यपुस्तकांत आढळत नाही, ते आढळावे.

पहिल्या महायुद्धानंतर केंब्रिजमध्ये अॅस्टनने आपला वस्तुमान-वर्णपटलेखक उभा केला, आणि रासायनिक तराजूचे राज्य हळूहळू संपले. तांबे हे एकजिनसी नसून ६३ आणि ६५ अशा, गुणधर्मांनी एक पण वजनाने भिन्न असलेल्या, दोन समस्थानिकांचे मिश्रण आहे, हे १९२३ मध्ये कळले. पहिला शेकडा ६९ हून किंचित अधिक, उरलेला दुसरा. आज आंतरराष्ट्रीय तक्त्यात तांब्याचा अणुभार ६३·५४६ आहे आणि १९६९ पासून तो बदललेला नाही. त्याच्यापुढे ०·००३ ची जी अनिश्चितता छापलेली असते ती मुख्यत्वे उपकरणाच्या उणिवेची नव्हे. पृथ्वीवरील निरनिराळ्या ठिकाणच्या तांब्यात दोन समस्थानिकांचे प्रमाणच किंचित भिन्न असते, म्हणून त्याहून सूक्ष्म असा एकच आकडा सर्व तांब्यास देता येत नाही. सुपीरियर सरोवराचे तांबे आणि जर्मनीचे तांबे यांत रिचर्ड्‌सला जो फरक दिसला नाही, तो त्याच्या तराजूच्या आवाक्याबाहेर होता.

आमच्या मुंबई इलाख्यात हे शास्त्र कसे रुजले याविषयी थोडे सांगितले पाहिजे. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्र मराठीत आणण्यासाठी ग्रंथरचना केली. मुंबईस रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२० साली सुरू झाले, आणि तेथे रसायनशास्त्राच्या अध्यापकपदी जो अँड्र्यू नॉर्मन मेल्ड्रम आला, त्याने डाल्टनच्या अणुसिद्धांताची घडण कशी झाली याची साक्षेपी मीमांसा १९१० च्या सुमारास मँचेस्टरच्याच विद्वत्सभेपुढे केलेली होती. अणुभाराच्या कल्पनेच्या उगमाचा इतका अधिकारी इतिहासकार मुंबईच्या विद्यार्थ्यांस शिकवीत होता, हे आज फारसे कोणास स्मरत नाही. त्याच संस्थेतील गोपाळ रामचंद्र परांजपे यांच्यासारख्या विद्वानांच्या हातभाराने १९२८ साली पुण्यास ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले आणि मराठी घरांत विज्ञानाचा प्रवेश झाला. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील विज्ञानाचा विद्यार्थी मात्र पुढे कित्येक वर्षे सकाळच्या लोकलने मुंबईच्या महाविद्यालयांतच जात राहिला. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे महाविद्यालय १९६९ साली निघाले, कल्याणास बिर्ला महाविद्यालय १९७२ साली. तेव्हा कोठे खाडीच्या या काठावरच्या मुलांना आपल्या गावातच तराजूपुढे बसता आले.

त्या तराजूपुढे जो प्रयोग सर्वत्र केला जातो तो मॅग्नेशियमचा. फितीचा लहानसा तुकडा, समजा ०·०४ ग्रॅम, तोलावा; पाण्यावर उपड्या धरलेल्या अंशांकित नळीत त्यावर सौम्य आम्लाची क्रिया होऊ द्यावी; निघालेल्या हायड्रोजनचे आकारमान वाचावे; तपमान आणि वायुभार टिपून हिशेब करावा. आषाढातल्या दिवशी ठाण्यात तपमान ३० अंश आणि वायुभार ७५५ मिलिमीटर धरला तर नळीत सुमारे ४३ घन सेंटिमीटर वायू जमतो. पण तो सर्व हायड्रोजन नसतो. पाण्यावर जमलेल्या वायूत पाण्याची वाफ मिसळलेली असते, आणि ३० अंशांवर तिचा दाब पाऱ्याच्या जवळजवळ ३२ मिलिमीटर भरतो. हा दाब वजा केला की सममूल्यभार १२·१५ येतो; मॅग्नेशियमची विशिष्ट उष्णता ०·२५ च्या आसपास, त्यावरून स्थूल अणुभार २४ ते २६; म्हणून गुणक दोन, आणि अणुभार २४·३. वाफ वजा करण्यास विसरले की उत्तर २३·३ येते. युरोपच्या थंडीत, १० अंशांवर, वाफेचा दाब जेमतेम नऊ मिलिमीटर असतो, तेथे विसरणाऱ्याची चूक शेकडा सव्वा. आपल्याकडे ती शेकडा चारांवर जाते. म्हणजे कोकणच्या हवेत हा प्रयोग अधिक कठोर परीक्षा पाहतो, आणि म्हणूनच तो येथे अधिक शिकवितो. रिचर्ड्‌सच्या ऑक्साइडात कोंडलेला नायट्रोजन आणि आपल्या नळीतील वाफ ही एकाच जातीची आहेत: तोलणाऱ्याच्या नकळत हिशेबात शिरलेले द्रव्य.

परंतु आमच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यास २४·३ हे उत्तर आधीच ठाऊक असते आणि प्रयोगवहीत २४·१ किंवा २४·५ लिहून तो मोकळा होतो, हे सर्वांस माहीत आहे. त्याचे २३·३ हे खरे वाचन कागदावर येतच नाही, आणि त्याबरोबर ते का आले हे शोधण्याची संधीही जाते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील रसायनाच्या अध्यापकांस माझी विनंती आहे की त्यांनी निदान एक वर्ष विद्यार्थ्यांस धातूचे नाव न सांगता फीत हाती द्यावी, प्रयोगशाळेच्या भिंतीवर चालू स्थितीतला वायुभारमापक आणि तपमापक असावा, आणि गुण उत्तराच्या जवळिकीस न देता प्रत्येक वाचन जसे दिसले तसे शाईने लिहिण्यास व चुकीचे कारण हुडकण्यास द्यावेत.